अपघाताच्या अहवालावर सही करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कारखाने, प्रकल्प आणि बांधकामे चालवणाऱ्या संस्थांची संचालक मंडळे, व्यवस्थापक आणि अपघात-चौकशी समित्यांचे सदस्य यांस,

विषय : अपघाताची चौकशी कामगाराच्या चुकीपाशी थांबवण्याच्या प्रथेबाबत

महोदय, महोदया,

आपल्या कपाटातील जुने अपघात-अहवाल काढून त्यांची फक्त शेवटची पाने वाचावीत, ही माझी पहिली विनंती आहे. यंत्र वेगळे असेल, विभाग वेगळा असेल, कोणाचे बोट गेले असेल तर कोणाचा जीव. पण कारणाच्या रकान्यात ‘संबंधित कामगाराने सुरक्षा-सूचनांचे पालन केले नाही’ आणि उपायाच्या रकान्यात ‘सर्व कामगारांना पुन्हा समज देण्यात आली’ हीच दोन वाक्ये थोड्याफार फरकाने आढळतील. औद्योगिक सुरक्षेच्या कामात आयुष्याचा मोठा भाग गेल्यामुळे असे अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत. एकाच यंत्रावरच्या दुसऱ्या अपघाताचा अहवाल पहिल्याची तारीख आणि नाव बदलून तयार करता यावा, इतके सारखेपण त्यांत पाहिले आहे. पहिल्या अहवालाने काही साधले असते तर दुसरा लिहावाच लागला नसता.

कामगार चुका करत नाहीत, असे माझे म्हणणे नाही. माणसे विसरतात, थकतात, घाई करतात, आणि कधीकधी ओळखीच्या धोक्याला न जुमानता हात घालतात. पण ही गोष्ट यंत्र बसवण्यापूर्वी, शिफ्ट आखण्यापूर्वी आणि कामगार नेमण्यापूर्वीही आपल्या सर्वांना ठाऊक असते. ज्या कामात एका माणसाच्या एका क्षणाच्या विसरण्याने कोणाचा प्राण जाऊ शकतो, ते काम तसे कोणी आणि का ठेवले, याची चौकशी व्हायला हवी. आणि नेमक्या त्याच जागी आपले अहवाल संपतात.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. फिरत्या रोलरमध्ये कामगाराचा हात जातो. गार्ड, म्हणजे रोलरवरचे संरक्षक झाकण, काढलेला होता हे तपासणाऱ्याला लगेच दिसते, आणि तो त्या कामगारानेच काढला होता हे आजूबाजूचे सांगतात. अहवाल पूर्ण होतो. परंतु गार्ड कोणी हौसेने काढत नाही. माल तासाला दोन-तीनदा अडकत असेल, तो मोकळा करायला प्रत्येक वेळी आठ बोल्ट उघडून पुन्हा बसवावे लागत असतील, मशिन थांबले की सुपरवायझर मागे येऊन उभा राहत असेल आणि शिफ्टच्या शेवटी ‘किती नग निघाले?’ एवढेच विचारले जात असेल, तर गार्ड बाजूला ठेवून काम करणे ही त्या जागेची न लिहिलेली कार्यपद्धतीच होऊन बसते. ती सुपरवायझरला माहीत असते, मेंटेनन्सला माहीत असते, आणि पाहणीला आलेल्या ऑडिटरच्या नजरेखालूनही गेलेली असते. अपघाताच्या आदल्या महिन्यात त्याच कामगाराच्या उत्पादनाचे कौतुकही झालेले असू शकते. आता त्याला समज दिली किंवा कामावरून काढले, तरी माल तसाच अडकत राहणार, बोल्ट आठच राहणार आणि त्याच्या जागी आलेला माणूस आठवड्याभरात गार्ड उतरवणार. माल का अडकतो हे शोधणे, बिजागरीचा गार्ड बसवणे आणि तो उघडताच मशिन थांबेल असा इंटरलॉक लावणे, हे त्या अहवालात यायला हवे होते.

धोका आवरण्याची उतरंड आपल्या प्रत्येक सुरक्षा-पुस्तिकेत छापलेली असते : शक्य तर धोका मुळातूनच नाहीसा करावा, नाही तर कमी घातक पदार्थ किंवा पद्धत आणावी, मग यंत्ररचनेत बदल करावा, त्यानंतर नियम आणि प्रशिक्षण यांकडे वळावे आणि सर्वांत शेवटी हेल्मेट, हातमोजे, चष्मा यांवर भिस्त ठेवावी. अहवालांतले उपाय मात्र बहुतेक वेळा शेवटच्या दोन पायऱ्यांवरच घुटमळतात. याचे कारण तांत्रिक नाही. प्रशिक्षण घेतल्याची हजेरी-वही त्याच दिवशी भरता येते. यंत्रात बदल करायचा तर खर्चाला मंजुरी लागते, उत्पादन थांबवावे लागते, आणि हे यंत्र असे विकत घेतलेच कोणी, हा प्रश्न वरच्या मजल्यापर्यंत जातो.

मोठ्या अपघातांची चौकशी बाहेरच्या, स्वतंत्र यंत्रणेकडे गेल्यावर काय निघते, याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी झालेल्या स्फोटात १५ माणसे मरण पावली आणि १८० जखमी झाली. बंद असलेला विभाग पुन्हा सुरू करताना ऑपरेटरांनी एका उंच मनोऱ्यात प्रमाणाबाहेर द्रव भरू दिला, तो ओसंडून बाहेर आला आणि त्याच्या वाफांनी पेट घेतला. कंपनीच्या सुरुवातीच्या अहवालाने ऑपरेटर आणि सुपरवायझर यांच्या चुकांवर बोट ठेवले होते. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने खोलात तपास केला, तेव्हा चित्र बदलले. मनोऱ्यातील द्रव चढत असताना पातळी दाखवणारा मीटर ती उतरत असल्याचे दाखवत होता. पातळी फार वर गेल्यावर वाजायचा वेगळा अलार्म वाजलाच नाही. नियंत्रण सांभाळणारी माणसे २९ किंवा त्याहून अधिक दिवस सलग बारा-बारा तास काम करत होती. यापूर्वीही हा विभाग सुरू करताना पातळी ठरलेल्या मर्यादेच्या वर नेली जात असे, म्हणजे लेखी कार्यपद्धती आणि प्रत्यक्षातली पद्धत यांची फारकत आधीच झालेली होती. ओसंडलेले द्रव जिथे जाई ती टाकी वायू जाळून टाकणाऱ्या ज्वालास्तंभाला जोडलेली नव्हती, तिचे तोंड थेट हवेत उघडे होते. आणि जे पंधरा जण गेले, ते सर्व कंत्राटदारांची माणसे होती; दुसऱ्या विभागाच्या दुरुस्तीसाठी आलेल्या त्यांचे तात्पुरते ट्रेलर या धोक्याच्या जागेजवळ उभे केले होते आणि हा विभाग सुरू होत असल्याची सूचनाही त्यांना दिलेली नव्हती. त्या दिवशीच्या ऑपरेटरला कितीही कडक शिक्षा केली असती, तरी यांतला कोणता दोष दूर झाला असता?

काही अपघातांत तर बोट दाखवायला ऑपरेटरही सापडत नाही. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात १ जून १९७४ रोजी झालेल्या स्फोटात २८ जण मरण पावले. ओळीने असलेल्या रिअॅक्टरांपैकी पाचवा तडकला म्हणून तो काढून चौथा आणि सहावा एका तात्पुरत्या पाइपने जोडण्यात आला. त्या पाइपचे रीतसर आरेखन झाले नाही, वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती पुरेशी मानली गेली, आणि कारखान्याच्या मुख्य अभियंत्याचे पद त्या काळात रिकामे होते. उत्पादन लवकर सुरू व्हावे, हा तो निर्णय घेणाऱ्यांचा हेतू होता. पुढे तोच पाइप फुटला. तात्पुरता पाइप, तात्पुरती वायरिंग, तात्पुरता बायपास केलेला अलार्म यांची एक यादी आपापल्या कारखान्यात करून पाहावी. त्यांतले किती वर्षानुवर्षे तात्पुरते आहेत ते कळेल.

बंदिस्त जागेतील मृत्यूंबद्दल मात्र थोडे थांबून लिहावे लागेल, कारण तिथे दोष मृताच्या माथी मारणे सर्वांत सोपे असते. टाकी, मॅनहोल, भूमिगत संप, रिअॅक्टर, सायलो अशा ठिकाणी एक जण उतरतो आणि कोसळतो. वर उभा असलेला दुसरा त्याला ओढायला उतरतो, मग तिसरा. अमेरिकेतील नायॉश या व्यावसायिक सुरक्षा-संशोधन संस्थेने १९८६ मध्येच इशारा दिला होता की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक हे वाचवायला गेलेले असतात. हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती हवा श्वासाला अपुरी मानतात. नायट्रोजन भरलेल्या टाकीत माणूस एक-दोन श्वासांत शुद्ध हरपतो, आणि नायट्रोजनला रंग नसतो, वास नसतो, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा उग्र वास असतो खरा, पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले की काही मिनिटांत वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ‘वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला’ असे समजून उतरलेला माणूस त्याच्या इंद्रियांनी जे सांगितले त्यावर विश्वास ठेवत असतो.

अशा घटनेनंतर अहवाल म्हणतो, ‘कामगार परमिटशिवाय आत उतरले.’ परमिटचे, म्हणजे धोक्याचे काम सुरू करण्याच्या लेखी परवानगीचे, तिथे काय स्थान होते, हे अहवालाने विचारलेले नसते. गॅस मीटर त्या जागी होता का, तो चालू होता का, त्याचे कॅलिब्रेशन कधी झाले होते? बाहेरूनच ओढून काढता येईल असा हार्नेस आणि तिपाईवरची विंच होती का, की ती स्टोअरच्या कुलुपात होती? टाकीला येणाऱ्या पाइपांत ब्लाइंड (पाइप पूर्ण बंद करणारी चकती) घातले होते का, की फक्त व्हॉल्व्ह बंद करून काम भागवले? आणि सगळ्यांत टोचणारा प्रश्न : इतर दिवशीची परमिटे कशी भरली जात होती? दर दोन तासांनी घ्यायची ऑक्सिजनची मोजमापे सकाळीच एका बैठकीत दिवसभरासाठी भरून ठेवलेली आणि सर्व रकान्यांत २०.९ हाच आकडा असलेली परमिटे मी पाहिली आहेत. त्यांवर सह्या होत्या. ज्या कागदाला वर्षभर कोणीच गंभीरपणे घेतले नाही, त्याच्याविना उतरल्याबद्दल मेलेल्या माणसाला दोषी ठरवणे हा मला निव्वळ अन्याय वाटतो.

परमिट असूनही माणसे कशी मरतात, हे ब्रिटनलगतच्या उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायू फलाटाने दाखवले. ६ जुलै १९८८ च्या दिवसपाळीत एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढून त्या जागी झाकण बसवले होते. पंपाच्या मुख्य दुरुस्तीचे परमिट वेगळे होते आणि व्हॉल्व्हचे वेगळे. रात्री दुसरा पंप बंद पडल्यावर रात्रपाळीच्या लोकांनी, दुरुस्ती अजून सुरू झालेली नाही एवढ्या माहितीवर, पहिला पंप चालू केला. व्हॉल्व्ह काढल्याची गोष्ट पाळी बदलताना त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. गळती होऊन स्फोट झाला आणि १६७ माणसे गेली. त्यानंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १०६ शिफारशी केल्या; पंप चालू करणाऱ्याला समज देण्याने त्यांतली एकही पुरी होणार नव्हती.

बहुतांश अपघात कामगारांच्या असुरक्षित वागण्यामुळेच होतात, हे वाक्य प्रशिक्षण-वर्गांत अजूनही शास्त्रीय सत्य म्हणून सांगितले जाते. त्याचे मूळ १९३१ साली हर्बर्ट हाइन्रिश यांनी मांडलेल्या ८८ टक्के या आकड्यात आहे. हाइन्रिश विमा कंपनीत होते आणि त्यांचा आधार होता विम्याच्या दाव्यांची कागदपत्रे आणि कारखानदारांच्या नोंदी. म्हणजे ज्यांच्यावर दोष येऊ शकला असता, त्यांच्याच बाजूने लिहिलेल्या कागदांवरून दोष कामगाराचा असल्याचा निष्कर्ष निघाला, आणि पुढच्या पिढ्यांनी तो आकडा प्रमाण मानून पुन्हा तसेच अहवाल लिहिले.

भोपाळच्या बाबतीतही हे घडले. एका असंतुष्ट कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले, असा दावा युनियन कार्बाइडने केला. तो वादापुरता खरा धरला, तरी सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट साठवलेल्या टाकीची शीतकरण यंत्रणा बंद ठेवलेली होती, वायू जाळून टाकणाऱ्या ज्वालास्तंभाला जाणारी पाइपलाइन दुरुस्तीसाठी सोडवलेली होती, आणि वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर २ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री कामाच्या स्थितीत नव्हता, या गोष्टी कोणा एका कामगाराने केलेल्या नव्हत्या. संरक्षणाचे एकेक साधन बंद ठेवण्याचे निर्णय कार्यालयात होतात आणि त्यांना कागदावर काटकसर म्हणतात.

आता आपल्या प्रवेशद्वारावरील फलकाविषयी. ‘अपघातविरहित दिवस’ मोजणारा तो फलक कोणत्या हेतूने लावला असेल याबद्दल मला शंका नाही, पण त्याला बक्षिसे, बढत्या आणि ठेकेदारांची बिले जोडली की तो अपघात कमी करण्याऐवजी अपघाताच्या नोंदी कमी करू लागतो. बोट मोडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गाडीने आणून कार्यालयात खुर्चीवर बसवून ठेवतात, म्हणजे त्याचा एकही दिवस ‘वाया गेला’ असे दाखवावे लागत नाही. टाके पडलेली जखम प्रथमोपचारात जाते. ठेकेदाराच्या माणसाची दुखापत ठेकेदाराच्या वहीत राहते आणि बऱ्याचदा तिथेही राहत नाही. शिवाय घसरणे, कापणे, पडणे यांचे आकडे चांगले असले म्हणजे स्फोटाचा धोका आवाक्यात आहे, असे अजिबात होत नाही. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटावर स्फोट होऊन ११ जण मरण पावले, त्या दिवशी कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी त्या फलाटावरच होते, आणि कामाचा दिवस बुडवणारी एकही दुखापत न होता सात वर्षे गेल्याबद्दल तिथे समाधान व्यक्त होत होते.

थोडक्यात निभावलेल्या घटना, ज्यांना आपण निअर मिस म्हणतो, त्या कळवाव्यात म्हणून पेट्या लावल्या जातात आणि त्या पेट्या रिकाम्या राहतात. याचे नवल वाटायला नको. पहिली चिठ्ठी टाकणाऱ्यालाच ‘तू तिथे काय करत होतास?’ असे विचारले गेले, की दुसरी चिठ्ठी येत नाही. विमानवाहतुकीने हा पेच बऱ्याच अंशी सोडवला आहे. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक आपल्या चुका व अनुभव गोपनीय रीतीने कळवतात. हे अहवाल शिक्षा करणाऱ्या नियामक संस्थेकडे न जाता नासाकडे जातात, तिथे त्यांतील नावे काढली जातात, आणि मुद्दाम केलेले किंवा गुन्ह्याच्या स्वरूपाचे कृत्य नसेल तर कळवणाऱ्याला ठरावीक मर्यादेत दंडापासून संरक्षण मिळते. आपल्याकडे निदान एवढे तरी व्हावे की घटना कळवणाऱ्याचे नाव त्याच्या सुपरवायझरच्या हाती पडणार नाही, आणि कळवलेल्या गोष्टीचे पुढे काय झाले हे त्याला लेखी मिळेल.

काम थांबवण्याच्या अधिकाराबद्दलही हेच. ‘असुरक्षित वाटल्यास काम थांबवा’ हे वाक्य ओळखपत्रामागे छापणे सोपे आहे. बांगलादेशातील राणा प्लाझा इमारतीला २३ एप्रिल २०१३ रोजी तडे दिसले, तेव्हा तिथली बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली. वरच्या मजल्यांवरील कपडे शिवणाऱ्या कामगारांना मात्र दुसऱ्या सकाळी कामावर यायला लावले गेले. इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे दगावली. त्यांतल्या अनेकांना धोका दिसत होता; रोजगार गमावल्याशिवाय नाही म्हणण्याची सोय त्यांना नव्हती. म्हणून माझा प्रश्न असा आहे : गेल्या वर्षभरात आपल्याकडे किती वेळा कामगाराने काम थांबवले, आणि त्यांतल्या कितींचे नाव आज हजेरीपटावर आहे? एकदाही थांबवले नसेल, तर धोकाच नव्हता असे कृपया समजू नये.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात कामाशी निगडित कारणांनी दरवर्षी सुमारे २९ लाख माणसे मरतात. त्यांतील सुमारे ३ लाख ३० हजार अपघातांत जातात आणि उरलेली धूळ, रसायने, अतिश्रम यांतून आलेल्या आजारांनी, ज्यांचा अपघात-अहवाल कधी निघतच नाही. सुरक्षित आणि निरोगी कार्यस्थळ हा कामगारांचा मूलभूत हक्क असल्याचे याच संघटनेने २०२२ मध्ये मान्य केले.

आपल्याकडे मागायचे ते फार नाही. चौकशी समितीत त्या यंत्रावर रोज काम करणारा, आणि शक्यतो ठेकेदाराकडचा, एक माणूस असावा आणि त्याला मत नोंदवण्याबद्दल अभय असावे. समितीचा अध्यक्ष त्याच विभागाचा प्रमुख नसावा. स्वतःच्या विभागाची खरेदी, माणसांची संख्या आणि उत्पादनाचे लक्ष्य यांवर बोट ठेवणे कोणालाही जड जाते. कामगाराने नियम मोडला असे लिहिले असेल, तर तो नियम इतर दिवशी पाळला जात होता का आणि पाळून ठरलेले उत्पादन निघत होते का, याचे उत्तर त्याच पानावर असावे. उपायांमध्ये यंत्र, जागा, वेळ किंवा मनुष्यबळ यांतला एक तरी बदल असावा, त्याचा खर्च आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहिलेले असावे. आणि जखमी माणूस बोलू शकत असेल तर अहवाल त्याला वाचून दाखवल्याशिवाय, तो हयात नसेल तर त्याच्या पाळीतल्या सहकाऱ्यांना वाचून दाखवल्याशिवाय, त्यावर आपली सही होऊ नये.

पुढचा अहवाल आपल्या टेबलावर येईल तेव्हा त्यात फक्त कामगाराची चूक आणि समज दिल्याची नोंद असेल, तर तो ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत पाठवावा, आणि उपाय प्रत्यक्ष बसवून झाल्याचे स्वतः जागेवर जाऊन पाहीपर्यंत ते प्रकरण बंद करू नये.

आपला,
औद्योगिक सुरक्षेच्या क्षेत्रात काम केलेला एक निवृत्त कर्मचारी